पाण्याची पाळी आणि खताचा हप्ता : वऱ्हाडच्या काळ्या मातीतील वांग्याचा हिशेब

वांग्याला पाणी किती द्यावे आणि खत कोणते द्यावे, हे दोन प्रश्न शेतकरी, कृषी सेवा केंद्राचा चालक आणि सल्ला देणारा कृषी सहायक हे सारेच सहसा वेगवेगळे विचारतात, आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या तक्त्यांमध्ये शोधली जातात. पिकाच्या दृष्टीने मात्र हा एकच प्रश्न असतो. मुळाला खत मिळते ते पाण्यात विरघळलेल्या रूपात, आणि ते मुळाशी राहते की खाली वाहून जाते की वायुरूप होऊन हवेत मिसळते, हेही पाणीच ठरवते. म्हणून युरियाची तीच गोणी एका पाण्यावर वांग्याचे फळ वाढवते, दुसऱ्या पाण्यावर नुसता पाला वाढवते आणि तिसऱ्या पाण्यावर जवळजवळ वाया जाते. वऱ्हाडातील खोल काळ्या जमिनीत हा परस्परसंबंध विशेष ठळकपणे दिसतो.

अमरावती जिल्ह्याच्या पूर्व अंगाला असलेला तिवसा तालुका या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. अमरावतीहून नागपूरकडे जाणारा महामार्ग या तालुक्यातून जातो आणि भाजीपाल्याला दोन मोठ्या शहरांच्या बाजारपेठा जोडून देतो. गुरुकुंज मोझरी आणि वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर ही गावे याच तालुक्यातली. कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्रा ही येथील मुख्य पिके, तर वांग्यासारखा भाजीपाला ओलिताची सोय असलेल्या तुकड्यांवर घेतला जातो. ही सोय प्रामुख्याने दोन प्रकारची आहे. एक, मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथे वर्धा नदीवर बांधलेल्या आणि १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे कालवे. दुसरी, शेतातील विहीर किंवा कूपनलिका. कालव्याचे पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरावीक अंतराने सुटणाऱ्या पाळ्यांनी येते आणि आले की भरपूर येते; विहिरीचे पाणी थोडे असते, पण हवे तेव्हा उपसता येते. वांग्याच्या खताचा विचार या फरकापासूनच सुरू करावा लागतो.

मातीची साठवणूक

खोल काळी माती स्मेक्टाइट गटातील चिकणमातीच्या खनिजांनी बनलेली असते. ही खनिजे पाणी मिळाले की फुगतात आणि सुकली की आकसतात, म्हणूनच उन्हाळ्यात या जमिनीला रुंद भेगा पडतात. या मातीची जलधारणाशक्ती मोठी असते. ओलावा धरून ठेवण्याची कमाल पातळी आणि ज्या पातळीला पीक कायमचे कोमेजते ती पातळी, यांमधल्या पाण्याला उपयुक्त ओलावा म्हणतात. तो या जमिनीत एक मीटर खोलीमागे साधारण १५० ते २०० मिलिमीटर असतो. वांग्याची कार्यक्षम मुळे वरच्या ६० सेंटिमीटरमध्ये आहेत असे धरले, तर त्यांच्या आवाक्यात सुमारे १०० मिलिमीटर पाणी येते. परंतु हा सारा साठा संपेपर्यंत थांबता येत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेने पिकांच्या पाण्याच्या गरजेविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार उपयुक्त ओलाव्यापैकी सुमारे ४५ टक्के खर्च झाला की वांग्याला ताण जाणवू लागतो. याचा अर्थ दोन पाळ्यांच्या दरम्यान पिकाने बिनधोक वापरावे असे पाणी सुमारे ४५ मिलिमीटरच असते.

या एका आकड्यावरून पाळीचे अंतर काढता येते. हिवाळ्यात पीक दिवसाला ४ मिलिमीटर पाणी वापरत असेल तर ४५ मिलिमीटर साठा अकरा दिवस पुरतो. उन्हाळ्यात तोच वापर ८ मिलिमीटरवर गेला की साडेपाच दिवसांत संपतो. हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी पाणी द्यावे, या प्रचलित सल्ल्यामागे हाच हिशेब आहे. मात्र तो खोल काळ्या जमिनीपुरता खरा आहे. उंचवट्यावरच्या मुरमाड जमिनीत माती उथळ असते आणि तिची साठवणही कमी असते, त्यामुळे तेथे हेच पीक दोन-तीन दिवसांत ताणाखाली येते. एकाच गावातील दोन शिवारांना एकच पाळी लागू पडत नाही, याचे कारण हे आहे.

साठवण मोठी असण्याची दुसरी बाजू अशी की पाणी जास्त झाले तर ते लवकर निचरून जात नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. शेतकरी ज्या अवस्थेला वाफसा म्हणतो, तीत माती ओली असूनही तिच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये हवा खेळती असते, आणि मुळांना पाणी व अन्नद्रव्ये शोषून घेण्याची शक्ती त्याच अवस्थेत मिळते, कारण शोषणासाठी लागणारी ऊर्जा मुळांच्या श्वसनातून येते. म्हणून काळ्या जमिनीत जादा पाणी दिलेले वांगे पिवळे पडते, त्या पिवळेपणाला खताची कमतरता समजून आणखी युरिया टाकला जातो, आणि मूळ दोष, म्हणजे मुळाशी हवा नसणे, तसाच राहतो.

ताणाचा पहिला घाव फुलावर

वांग्याच्या झाडावर एकाच वेळी वेगवेगळ्या प्रकारची फुले येतात. काहींमध्ये स्त्रीकेसराचा दांडा लांब असतो आणि त्याचे टोक परागकोशांच्या वर येते. काहींमध्ये तो मध्यम असतो आणि काहींमध्ये आखूड. फळधारणा मुख्यत्वे लांब आणि मध्यम दांड्याच्या फुलांना होते, तर आखूड दांड्याची फुले बहुधा गळून पडतात. झाडाला पाण्याचा किंवा अन्नाचा ताण पडला की आखूड दांड्याच्या फुलांचे प्रमाण वाढते. त्यामुळे फुलोऱ्यात बसलेला ताण त्या दिवशी पानांवर ओझरता दिसतो, पण त्याचा परिणाम दोन-तीन आठवड्यांनी तोडणीच्या वेळी घटलेल्या फळसंख्येत उमटतो. फळ पोसण्याच्या काळात ताण पडला तर फळे लहान राहतात, त्यांची चकाकी जाते, बिया लवकर टणक होतात आणि कडवटपणा वाढतो. वांग्याच्या फळात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

वाढीच्या अवस्थेप्रमाणे पाण्याची गरज कशी बदलते, हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ पीक गुणांक वापरतात. प्रमाणित हिरवळीच्या पृष्ठभागावरून हवेत जाणाऱ्या पाण्याशी पिकाच्या पाणीवापराचे जे गुणोत्तर असते, त्याला पीक गुणांक म्हणतात. वांग्यासाठी तो रोप लहान असताना सुमारे ०.६, भर फुलोऱ्यात आणि फळधारणेत १.०५, आणि हंगामाच्या अखेरीस ०.९ धरला जातो. ठिबक सिंचनात या गुणांकावरून एका झाडाचे रोजचे पाणी काढता येते. समजा, दोन ओळींत आणि दोन झाडांत ९० सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे एका झाडाच्या वाट्याला ०.८१ चौरस मीटर जागा येते. उघड्या बाष्पीभवन पात्रातून एका दिवसात ५ मिलिमीटर पाणी उडाले, त्याला पात्राचा ०.७ हा गुणांक आणि पिकाचा १.०५ हा गुणांक लावला, तर फळावर असलेल्या त्या झाडाला दिवसाला सुमारे ३ लिटर पाणी लागते. ताशी ४ लिटरची एक तोटी हे पाणी पाऊण तासात देते. मे महिन्यातील एखाद्या दिवशी पात्रातील बाष्पीभवन १२ मिलिमीटर झाले, तर हीच गरज ७ लिटरच्या पुढे जाते.

गोणीच्या आत काय असते

महाराष्ट्रात मध्यम काळ्या जमिनीतील सुधारित वांग्यासाठी सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी मात्रा हेक्टरी १५० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद आणि ७५ किलो पालाश अशी आहे. वाण आणि माती परीक्षणाचा अहवाल पाहून ती कमी-जास्त करावी लागते. नत्र म्हणजे नायट्रोजन, ज्यावर पाने आणि खोड यांची वाढ अवलंबून असते; स्फुरद म्हणजे फॉस्फरस, जो मुळांच्या वाढीला आणि फुलोऱ्याला लागतो; पालाश म्हणजे पोटॅशियम, जो पर्णरंध्रांची उघडझाप नियंत्रित करून झाडाला पाण्याचा ताण सोसण्यास मदत करतो. युरियात ४६ टक्के नत्र असते, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. त्यामुळे वरील मात्रा गोण्यांत मांडली तर हेक्टरी सुमारे ३२६ किलो युरिया, ४६९ किलो सुपर फॉस्फेट आणि १२५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश होते. स्फुरद डीएपीतून द्यायचे ठरवले तर १६३ किलो डीएपी पुरते, आणि त्यातूनच सुमारे २९ किलो नत्र मिळत असल्याने युरिया २६२ किलोंवर येतो.

या दोन मार्गांत स्फुरद सारखेच मिळते, पण सुपर फॉस्फेटबरोबर सुमारे ५० किलो गंधक जमिनीला आपोआप मिळते, जे डीएपीतून मिळत नाही. वऱ्हाडातील काळ्या जमिनी साधारणपणे विम्लधर्मी आणि चुनखडीयुक्त असतात. त्यांत पालाश बहुधा चांगले असते, नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी असतात, जस्ताची उणीव आढळते, आणि दिलेल्या स्फुरदाचा मोठा भाग कॅल्शियमशी संयोग पावून स्थिर होतो, म्हणजे मुळांना सहज उचलता येणार नाही अशा रूपात जातो. म्हणून स्फुरद जमिनीवर फेकण्याऐवजी लागवडीच्या वेळी मुळांजवळ, शेणखतात मिसळून देणे अधिक उपयोगी ठरते. स्फुरद आणि पालाश पूर्ण, तसेच नत्राचा निम्मा हिस्सा लागवडीला, आणि उरलेले नत्र तीन समान हप्त्यांत, ही प्रचलित पद्धत आहे. हेक्टरी सुमारे १२ हजार ३०० झाडे धरली तर एका झाडाच्या वाट्याला साऱ्या हंगामात अवघे १२ ग्रॅम नत्र येते. इतक्या थोड्या नत्रापैकी किती झाडात जाते, हे गोणीवरून समजत नाही. ते पाण्यावरून समजते.

युरियातील नत्र मुळांना उपयोगी पडण्याआधी दोन पायऱ्यांतून जाते. प्रथम मातीतील विकरामुळे त्याचे अमोनियमात रूपांतर होते. विम्ल जमिनीत युरिया वरच्यावर पडून राहिला आणि माती नुसती दमट असली, तर या टप्प्यावर अमोनिया वायू होऊन नत्र उडून जाते. नंतर जिवाणू अमोनियमाचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असल्याने चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, आणि पाणी जिकडे जाईल तिकडे ते जाते. काळ्या जमिनीत भेगा असताना मोठी पाळी दिली तर पाणी भेगांतून थेट खाली उतरते आणि विरघळलेले नायट्रेट सोबत नेते. भेगा बुजल्यावर पाणी साचले तर हवेअभावी वेगळे जिवाणू त्याच नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात. म्हणजे पाणी अपुरे असताना नत्र वर उडते आणि अति झाले असताना खाली जाते किंवा वायुरूप होते. ते मुळाशी टिकण्याची अवस्था या दोहोंच्या मधली, म्हणजे पुन्हा वाफशाचीच. २०१५ पासून देशात तयार होणारा सर्व युरिया कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देऊन विकण्याचा नियम आहे. हे आवरण नायट्रेट होण्याचा वेग मंद करते, पण पाण्याची चूक ते भरून काढू शकत नाही.

शेणखत, नाडेप आणि जीवामृत

सेंद्रिय खतांचा विचार करताना दोन वेगवेगळ्या कामांचा घोळ होतो. एक काम अन्नद्रव्ये पुरवण्याचे, दुसरे मातीची घडण सुधारण्याचे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. हेक्टरी २० टन शेणखतातून सुमारे १०० किलो नत्र जमिनीत जाते, पण ते सेंद्रिय बंधात असल्याने पहिल्या हंगामात त्यातील एक भागच, ढोबळमानाने एक तृतीयांशाच्या आसपास, पिकाला उपलब्ध होतो. गांडूळखतात नत्राचे प्रमाण यापेक्षा जास्त असते आणि निंबोळी पेंडीत ते सुमारे पाच टक्क्यांपर्यंत जाते. शेणखताचे दुसरे काम मात्र काळ्या मातीसाठी अधिक मोलाचे आहे: त्यातील कर्बामुळे मातीचे कण एकत्र येऊन लहान ढेकळ्या बनतात, निचरा सुधारतो आणि पाळीनंतर वाफसा लवकर येतो.

शेणाची टंचाई असताना खत कसे वाढवावे, या प्रश्नाला वऱ्हाडातूनच एक उत्तर मिळाले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली कंपोस्टची पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून देशभर ओळखली जाते. विटांच्या, भिंतींत भोके ठेवलेल्या, सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाक्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर रचले की भोकांतून हवा खेळती राहते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. कमी शेणात जास्त खत हे तिचे वैशिष्ट्य. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, यांनी प्रचारात आणलेले जीवामृत हा याहून वेगळा प्रकार आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांपासून ते बनते. एवढ्या शेणातून थेट मिळणारे नत्र एकराच्या गरजेच्या मानाने नगण्य असते, आणि या पद्धतीचे समर्थकही ते अन्नद्रव्याचा पुरवठा न मानता सूक्ष्मजीवांचे विरजण मानतात. हे सूक्ष्मजीव काम करतात ते मातीत कर्ब आणि ओलावा असेल तरच. त्यामुळे येथेही उत्तर पाण्यापाशीच येऊन थांबते.

प्रयोगांचा कल

पाणी आणि खत यांचा एकत्रित परिणाम तपासण्यासाठी कृषी संशोधनात विभाजित प्रक्षेत्र रचना वापरली जाते. तीत मोठ्या वाफ्यांना पाण्याच्या पातळ्या दिल्या जातात, उदाहरणार्थ पिकाच्या गरजेच्या १००, ८० आणि ६० टक्के. आणि प्रत्येक मोठ्या वाफ्याचे लहान भाग करून त्यांना खतांचे वेगवेगळे प्रकार किंवा मात्रा दिल्या जातात. पाणी शेजारच्या वाफ्यात झिरपते, म्हणून त्याला मोठा वाफा लागतो, तर खत लहान जागेतही वेगळे ठेवता येते. अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठासह राज्यातील कृषी विद्यापीठांत भाजीपाल्यावरील संशोधनाची ही परिचित रीत आहे.

अशा प्रयोगांतून जो सर्वसाधारण कल दिसतो तो असा. ठिबकने गरजेच्या ८० टक्क्यांच्या आसपास पाणी दिले तर उत्पादन पूर्ण पाण्याच्या जवळ राहते; ६० टक्क्यांवर मात्र ते स्पष्टपणे खाली येते. तुर्कस्तानच्या अर्धशुष्क भागातील २००२ च्या अभ्यासातही पाण्याच्या तुटीबरोबर वांग्याचे उत्पादन आणि फळाचा आकार घटल्याचे दिसले. पंजाब कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पाणी आणि नत्र या दोहोंच्या पातळ्या ठिबक व सरी या पद्धतींनी एकत्र तपासल्या गेल्या, आणि ठिबकचा फायदा पाण्याच्या बचतीइतकाच उत्पादनातही दिसून आला. विद्राव्य खत ठिबकमधून थोडे थोडे दिल्यास, ज्याला फर्टिगेशन म्हणतात, शिफारशीच्या सुमारे तीन चतुर्थांश मात्रेतही पूर्ण मात्रेच्या जवळचे उत्पादन मिळू शकते, कारण नत्र मुळाशी येण्याच्या वेळेला मुळे ते घ्यायला तयार असतात. खताच्या प्रकारांत, निव्वळ रासायनिक किंवा निव्वळ सेंद्रिय यांपेक्षा दोहोंची सांगड बहुधा सरस ठरते.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष परस्परक्रियेचा आहे. पाणी तुटपुंजे असताना नत्राची मात्रा वाढवली तर उत्पादन वाढत नाही, उलट मातीतील क्षार वाढून ताण तीव्र होतो. पूर्ण पाण्यावर नत्र वाढवले तर एका मर्यादेपर्यंत फळे वाढतात आणि पुढे केवळ पाला वाढतो. कोवळ्या, लुसलुशीत वाढीकडे तुडतुडे आणि पांढरी माशी आकर्षित होतात. तुडतुडे पर्णगुच्छ हा रोग पसरवतात, आणि शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीलाही अशी वाढ मानवते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल आणि युस्टस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या न्यूनतमाच्या नियमानुसार पीक वाढते ते सर्वांत कमी असलेल्या घटकाच्या मानाने. वांग्याच्या शेतात हा घटक कधी पाणी, कधी नत्र, तर काळ्या जमिनीत अनेकदा मुळाशी असलेली हवा असतो.

तिवस्यातील दोन शेते

या ज्ञानाचा उपयोग पाण्याच्या सोयीप्रमाणे वेगळा होतो. कालव्याच्या आवर्तनावर वांगे घेणाऱ्याला पाळीचे अंतर निवडता येत नाही, म्हणून त्याने सावकाश सुटणाऱ्या खतावर भर देणे हिताचे असते. लागवडीपूर्वी भरपूर शेणखत किंवा नाडेप खत आणि थोडी निंबोळी पेंड द्यावी. युरियाचा हप्ता पाळीच्या आधी वर फेकण्याऐवजी पाणी दिल्यावर वाफसा आला की झाडाभोवती आळ्यात देऊन मातीने झाकावा. सरी-वरंब्यावर, एक सरी आड पाणी फिरवावे, म्हणजे एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला हवा राहते. पाळीत ४५ मिलिमीटरची तूट असताना ९० मिलिमीटर पाणी घेतले, तर निम्म्या पाण्याला मातीत जागाच नसते, हे त्याने ध्यानात ठेवावे. विहिरीवर ठिबक बसवलेल्याची स्थिती उलट असते. त्याच्याकडे पाणी थोडे पण हातातले असते, म्हणून सुरुवातीला १२:६१:० सारखे स्फुरदप्रधान, वाढीच्या काळात १९:१९:१९ आणि फळे लागल्यावर १३:०:४५ सारखे पालाशयुक्त विद्राव्य खत आठवड्यातून एक-दोनदा सोडणे त्याला शक्य होते. मात्र शेणखत वगळून केवळ विद्राव्य खतांवर विसंबल्यास काही वर्षांत मातीची घडण बिघडते. खरिपात तर दोघांचाही प्रश्न पाणी देण्याचा नसून काढून देण्याचा असतो, आणि तेव्हा चर काढून निचरा करणे हेच खत वाचवण्याचे साधन ठरते. तालुक्याच्या पश्चिमेला, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, यात भर पडते ती भूजलातील क्षारांची. वांगे क्षारांना मध्यम संवेदनशील असल्याने तेथे पाण्याची प्रत तपासल्याशिवाय पाण्याचे प्रमाण ठरवण्यात अर्थ नसतो.

एवढे सारे माहीत असताना प्रत्यक्ष शेतात पाणी आणि युरिया हे दोन्ही गरजेपेक्षा जास्त का पडतात, याचे उत्तर किमतींत आहे. कालव्याच्या पाण्याची आकारणी बहुतेक ठिकाणी क्षेत्र, पीक आणि हंगाम यांवर होते, पाण्याच्या घनमापावर नाही. पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची तरतूद महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने केली, पण ती अद्याप सार्वत्रिक झालेली नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज मिळते, त्यामुळे विहिरीवरही जादा तास चालवण्याचा खर्च जाणवत नाही. खतांच्या बाबतीत १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदान योजना आली, पण युरिया तिच्या बाहेर राहिला. परिणामी ४५ किलोंची युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते, तर स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे दर बरेच वर राहिले. ज्या दोन निविष्ठा हाताला स्वस्त लागतात, त्याच नेमक्या एकत्र जादा पडल्या तर काळ्या जमिनीत एकमेकींचा नाश करतात. त्यामुळे वांग्याचे उत्पादन वाढवण्याची तिवसा तालुक्यातील पहिली पायरी नवे खत शोधण्याची नाही. आधीच्या पाळीचे पाणी मातीत किती उरले आहे हे खुरप्याने वीतभर खाली उकरून पाहावे, आणि गोणी उघडण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.